डिस्कची पोंचपावती

संगणकाच्या इतिहासावर लिहिणारे लेखक बहुधा यंत्रें किती मोठीं होतीं, किती वेगवान झालीं आणि कोणीं किती पैसा मिळविला, एवढेंच सांगतात. आंतल्या व्यवहारांचा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. असाच एक व्यवहार संगणक व त्याच्या पोटांतील हार्ड डिस्क यांच्यामध्यें अहोरात्र चालतो. संगणक म्हणतो, 'एवढें लिहून ठेव;' डिस्क म्हणते, 'लिहिलें.' संवाद इतकाच. परंतु घरांतील फोटो, दुकानाची खतावणी, बँकेंतील शिल्लक, इस्पितळांतील रोग्याची नोंद, हें सर्व त्या 'लिहिलें' या एका शब्दाच्या खरेपणावर उभें आहे. आणि तो शब्द नेहमींच खरा ठरला, असें मात्र इतिहास सांगत नाहीं. डिस्कनें कसें वागावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हातीं होता, तो कोणत्या दारांतून बजावला जाई, आणि त्या दारांतून परत आलेली पोंच कितपत भरंवशाची होती, ही हकीकत मनोरंजक तर आहेच, पण थोडी काळजी उत्पन्न करणारीही आहे.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत रेनॉल्ड जॉन्सन या गृहस्थांच्या नेतृत्वाखालीं ती तयार झाली. हे जॉन्सन पूर्वीं मिशिगन प्रांतांत शाळामास्तर होते. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका यंत्रानें तपासण्याची युक्ति त्यांनीं काढली, म्हणून कंपनीनें त्यांस आपल्याकडे घेतलें. पेपर तपासण्याचा कंटाळा जगाच्या इतका उपयोगी पडल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. रॅमॅक नांवाच्या त्या यंत्रांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर बसविलेल्या होत्या. त्या मिनिटाला १२०० फेरे घेत, आणि एवढ्या खटाटोपानें ५० लक्ष अक्षरें मावत. यंत्र महिन्याच्या भाड्यानें मिळे. भाडें ३२०० डॉलर.

पुढची महत्त्वाची गोष्ट १९६९ सालीं न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत घडली. तेथें केन थॉम्प्सन यांच्या हातीं पी.डी.पी.-७ नांवाचें एक लहानसें, जुनें झालेलें यंत्र आलें. त्याला जोडलेली डिस्क यंत्राच्या मानानें फार चपळ होती. तिच्याकडून पुरेपूर काम कसें घ्यावें, कोणती मागणी आधीं व कोणती मागून तिच्यापुढें ठेवावी, एवढ्याच विचारानें थॉम्प्सन यांनीं एक प्रोग्राम लिहावयास घेतला. लिहितां लिहितां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम व्हावयास आतां तीनच आठवड्यांचें काम उरलें आहे. योगायोगानें त्यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियांत नातेवाइकांकडे गेली, आणि तेवढ्या अवधींत युनिक्सचा पाया घातला गेला. म्हणजे जी सिस्टिम पुढें जगभर पसरली, तिचें मूळ एका डिस्कच्या रांगेची व्यवस्था लावण्यांत होतें.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा शब्द ऐकून पलटणींतल्या कर्नलाची आठवण होईल, परंतु त्याचा याच्याशीं संबंध नाहीं. बदाम फोडल्यावर आंत जो गर निघतो, त्याचें इंग्रजी नांव हें. कोणत्याही प्रोग्रामनें परस्पर डिस्कला हात लावावयाचा नाहीं, जें कांहीं मागावयाचें तें कर्नलकडे मागावयाचें, असा दंडक आहे. थॉम्प्सन व त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनीं या मागण्या करण्याची रीत फार सुटसुटीत ठेविली. डिस्क, टेप, टर्मिनल, यांतील प्रत्येकाला 'डेव्ह' नांवाच्या कोठारांत एक फाईल म्हणून नांव दिलें. फाईल वाचावी तशी डिस्क वाचावी, फाईलींत लिहावें तसें डिस्कवर लिहावें, आणि कोणीं वाचावें व कोणीं लिहावें याचे नियमही फाईलीचेच. या कल्पनेची वाखाणणी आजही होते, आणि ती यथार्थ आहे.

मात्र वाचणें आणि लिहिणें या दोन क्रियापदांवर संसार भागत नाहीं. टर्मिनलचा वेग बदलावयाचा आहे, टेप गुंडाळून मागें न्यावयाची आहे. हें वाचणेंही नव्हे आणि लिहिणेंही नव्हे. आरंभीं टर्मिनलांपुरत्या दोन निराळ्या विनंत्या होत्या. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत त्यांच्या जागीं सर्व उपकरणांसाठीं एकच दार उघडण्यांत आलें, त्याचें नांव आय-ओ-सी-टी-एल. उपकरण कोणतें, हुकुमाचा क्रमांक कोणता, आणि सोबतचा मजकूर कोणता, हें सांगितलें कीं कर्नल तो हुकूम त्या उपकरणाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे त्याची भाषा जाणणाऱ्या आपल्या दुभाष्याकडे, पोंचवितो. वाड्याचा पुढचा दरवाजा कितीही देखणा असला, तरी सरपण आणि म्हैस यांना मागचें दार लागतेंच. तसें हें युनिक्सचें मागचें दार. त्यांतून काय काय आंत जातें याची मोजदाद ठेवणें पुढें पुढें फार अवघड झालें.

याच सुमारास डिस्क मोठ्या कचेऱ्यांतून निघून घरच्या टेबलावर आली. १९८० सालीं सीगेट कंपनीची ५ मेगाबाईटची सव्वापांच इंची डिस्क निघाली; १९८३ सालच्या आय.बी.एम. एक्स.टी. संगणकांत १० मेगाबाईटची डिस्क असे. १९८४ च्या ए.टी. संगणकांत डिस्कच्या प्रकारांचें एक कोष्टकच कायमचें कोरून ठेवलेलें होतें. आपल्या डिस्कला सिलिंडर किती, हेड किती, एका फेऱ्यांत सेक्टर किती, हें तिच्या अंगावरील चिठीवरून पाहून मालकानें कोष्टकांतला क्रमांक निवडावयाचा. क्रमांक चुकला तर डिस्क शाबूत असूनही संगणकाला तिच्यावरचें एक अक्षर लागत नसे. तेव्हां अधिकार निःसंशय माणसाच्या हातीं होता, आणि चुकीची शिक्षाही लागलीच मिळे.

१९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक इत्यादि कंपन्यांनीं डिस्क चालविण्याची सारी बुद्धि वेगळ्या कार्डावरून काढून डिस्कच्याच अंगावर बसविली. हीच आय.डी.ई. पद्धति. 'तूं कोण?' असें विचारलें कीं डिस्क ५१२ बाईटांत आपलें वर्णन स्वतः सांगूं लागली. सोय मोठी झाली. परंतु बोलतां येऊं लागल्याबरोबर तिला खोटेंही बोलतां येऊं लागलें. जुन्या पद्धतींत १०२४ सिलिंडर, १६ हेड व ६३ सेक्टर यांपलीकडे मजल जात नसे. गुणाकार केला तर १०,३२,१९२ सेक्टर होतात, आणि प्रत्येकीं ५१२ प्रमाणें ५२,८४,८२,३०४ बाईट. या चौकटींत जितकी अधिक जागा बसवितां येईल तितकी बसवावी म्हणून दोन-तीन तबकड्यांच्या, म्हणजे चार-सहा हेडांच्या, डिस्का 'आम्हांला १६ हेड आहेत' असें बेधडक सांगत. डिस्कचें हें पहिलें असत्य. त्यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं, उलट सर्वांचें भागलें, म्हणून त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं.

१९९१ सालच्या सप्टेंबरांत हेलसिंकी विश्वविद्यालयांतील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिहिलेल्या आपल्या कर्नलची ०.०१ ही आवृत्ति प्रसिद्ध केली. तीच लिनक्स. तिच्यांत डिस्कला माहिती विचारण्याची सोयच नव्हती. डिस्कचे आंकडे कर्नलच्या मूळ लिखाणांत लिहिलेले होते, आणि तेही दोनच घरचे: एक खूण लिनस यांच्या डिस्कची, दुसरी 'लासू' यांच्या डिस्कची. लासू म्हणजे त्यांचे सहाध्यायी लार्स विर्झेनियस. तिसऱ्या कोणास हौस असेल तर त्यानें आपले आंकडे घालून कर्नल पुन्हां बांधावा.

त्याच सालच्या अखेरीस टोरव्हाल्ड्स यांच्या हातून घडलेली एक चूक पुढें त्यांनींच सांगितली. त्यांना मोडेमवरून विश्वविद्यालयाच्या संगणकास फोन लावावयाचा होता. मोडेम ज्या फाईलीमागें होता तिचें नांव टंकण्याऐवजीं त्यांनीं डिस्कच्या एका भागाचें नांव टंकलें. सिस्टिमला दोन्ही फाईलीच. तिनें फोन लावण्याचीं अक्षरें निमूटपणें डिस्कवर लिहिलीं, आणि ज्या मिनिक्स सिस्टिमवर ते काम करीत होते ती कामांतून गेली. मिनिक्स पुन्हां बसविण्याऐवजीं त्यांनीं यापुढें आपल्याच लिनक्सवर विसंबण्याचें ठरविलें. डिस्कला फोन लावल्यामुळें एखाद्या सिस्टिमचें भाग्य उघडल्याची ही एकच कथा असावी. पण 'सर्व कांहीं फाईल' या देखण्या कल्पनेची दुसरी बाजूही तींत दिसते: ज्याला लिहिण्याची परवानगी आहे त्याला चुकण्याचीही आहे.

लिनक्स जसजशी पसरली तसतशा हरतऱ्हेच्या डिस्का तिच्या पुढ्यांत येऊं लागल्या, आणि १९९४ च्या सुमारास कॅनडांतील मार्क लॉर्ड यांनीं एचडीपार्म नांवाचा एक लहान प्रोग्राम लिहिला. लॉर्ड हे लिनक्सच्या आय.डी.ई. ड्रायव्हरचेही प्रमुख कर्ते. म्हणजे दाराच्या आंतला पहारेकरी आणि बाहेरचा निरोप्या हे दोघे एकाच हातचे. एचडीपार्मचें काम निरोप्याचें. मनुष्यानें दिलेली एका अक्षराची खूण घेऊन तो आय-ओ-सी-टी-एलच्या दारांतून ठराविक क्रमांकाचा हुकूम आंत देतो. यांतील कांहीं हुकूम फक्त कर्नलच्या वागण्यांत फरक करीत, व कांहीं थेट डिस्कच्या अंगावरील बुद्धीपर्यंत पोंचत. खुणा मात्र एकाच माळेंत ओंवलेल्या. हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचा सारा घोटाळा त्यांतूनच उद्भवला.

सर्वांत लोकप्रिय खूण 'डी' ही होती. जुन्या पद्धतींत डिस्कवरून आलेला मजकूर दोन-दोन बाईट करून प्रोसेसर स्वतः उचली व स्मृतींत नेऊन ठेवी. एका सेक्टरला २५६ खेपा. कारकुनानें लेखणी खालीं ठेवून गोणी वाहाव्या तसा हा प्रकार. डी.एम.ए. पद्धतींत ही हमाली दुसऱ्या यंत्रणेवर सोंपविली जाते व प्रोसेसर मोकळा राहतो. १९९५ नंतरच्या वर्षांत अल्ट्रा डी.एम.ए. आली, सेकंदाला ३३ मेगाबाईट, मग ६६, १००, १३३. ६६ पासून पुढें ४० ऐवजीं ८० तारांची पट्टी लागे, आणि त्यांतील अर्ध्या तारांचें काम शेजारच्या दोन तारांमध्यें भिंतीसारखें उभें राहणें एवढेंच. परंतु कांहीं डिस्का व कांहीं चिपा या पद्धतींत मजकूर बिघडवीत. म्हणून पुष्कळ ठिकाणीं कर्नल सावधपणानें ती बंदच ठेवी. त्यामुळें त्या काळीं लिनक्स वापरणारांत एक विधीच होऊन बसला. एचडीपार्मनें आधीं डिस्कचा वेग मोजावयाचा, मग 'डी'पुढें एक हा आंकडा लिहून पुन्हां मोजावयाचा, आणि कित्येक पटींनीं वाढलेला वेग मित्रांना दाखवावयाचा.

'यू' या खुणेची गोष्ट निराळी. प्रोसेसर डिस्कची हमाली करीत असतां इतर उपकरणांच्या हांकांकडे कानाडोळा करी, त्यामुळें मोडेमवरून येणारीं अक्षरें गळत. 'यू' दिलें कीं तो मध्येंच हांकेस ओ देई. पण सी.एम.डी.-६४० व आर.झेड.-१००० या चिपांवर, जुन्या कर्नलखालीं, हाच गुण घातक ठरूं शके. आणि एचडीपार्मच्या माहितीपत्रकांत तसा इशारा दिलेला आहे. तें माहितीपत्रक वाचण्यासारखें आहे. 'एस' ही डिस्कला विश्रांति देण्याची खूण. तिच्यापुढील आंकडा २४० पर्यंत असेल तर तितक्या वेळां पांच सेकंद, २४१ ते २५१ पर्यंत असेल तर अनुक्रमें एक ते अकरा अर्धे तास, आणि २५२ म्हणजे मात्र २१ मिनिटें! अशीं कोष्टकें मुलांना पाठ करावयास लावलीं असतीं तर पालकांनीं तक्रार केली असती. कांहीं खुणांपुढें त्या अत्यंत धोक्याच्या असल्याचें बजावलेलें आहे; आणि डिस्कच्या अंगचा प्रोग्राम बदलण्याच्या हुकुमासाठीं तर मनुष्याला दोन लांबलचक शब्द स्वतः टंकावे लागतात, ज्यांतील एकाचा अर्थ 'कृपा करून डिस्कचा नाश करावा' असा होतो. सरकारी कागदांवर सही घेण्याची ही रीत विनोदाची वाटली तरी तिच्यामागें अनुभव आहे.

आय-ओ-सी-टी-एलचें दार सोयीचें असलें तरी अंधारें होतें. आंत कोणते क्रमांक चालतात हें बाहेरून दिसत नसे. म्हणून कर्नलच्या कर्त्यांनीं आपल्या अंतर्गत गोष्टी साध्या मजकुराच्या फाईलींत मांडण्यास आरंभ केला. १९९९ सालच्या २.२ आवृत्तींत प्रत्येक आय.डी.ई. डिस्कसाठीं 'सेटिंग्ज' नांवाची फाईल होती. ती उघडली कीं प्रत्येक सेटिंगचें नांव, चालू किंमत व मर्यादा ओळींनें दिसत, आणि नांव व किंमत लिहून ती बदलतांही येई. २००३ सालच्या डिसेंबरांत आलेल्या २.६ आवृत्तींत पॅट्रिक मोचेल यांच्या पुढाकारानें 'सिस' नांवाचें नवें कोठार आलें, व पुढें एका फाईलींत एकच गोष्ट, असा नीटनेटका नियम झाला. डिस्ककडे मागण्या कोणत्या क्रमानें पाठवाव्या, हा थॉम्प्सन यांचा मूळ प्रश्न तेथें 'शेड्यूलर' या फाईलींत येऊन बसला. तींत उपलब्ध पद्धतींचीं नांवें असतात आणि चालू असलेलें नांव चौकोनी कंसांत असतें; दुसरें नांव लिहिलें कीं पद्धत बदलते. या पद्धतींची जुनी पिढी २०१९ सालच्या मार्चांत ५.० आवृत्तींत सगळीच काढून टाकली गेली आणि तिची जागा नव्या पिढीनें घेतली. पण फाईल तीच राहिली.

दार उजेडांत आलें म्हणून पलीकडचा मनुष्य शहाणा झाला, असें नव्हे. २००३ सालच्या ऑक्टोबरांत मँड्रेक लिनक्सची ९.२ आवृत्ति बसविणारांपैकीं कांहींच्या घरीं विलक्षण अनर्थ झाला. त्या आवृत्तींतील कर्नल सी.डी. ड्राईव्हला, 'तुझ्याजवळ लिहावयाचें कांहीं राहिलें असेल तर तें पुरें कर,' असा प्रमाण हुकूम पाठवी. एल.जी. कंपनीच्या कांहीं ड्राईव्हनीं त्या क्रमांकाचा अर्थ आपल्यापुरता निराळा ठरविला होता: 'तुझा अंगचा प्रोग्राम बदल.' हुकूम पाळला गेला आणि ड्राईव्ह निकामी झाले. पुढच्याच वर्षीं, २.६.८ आवृत्तींत, असे थेट हुकूम कोणीं पाठवावे यावर कर्नलनें निर्बंध घातले. कारण डिस्क नुसती वाचण्याची ज्याला परवानगी, त्यालाही तोंवर तिच्या अंगचा प्रोग्राम नासवितां आला असता. निर्बंध येतांच सी.डी. लिहिणारांचीं कामें अडलीं आणि ओरड झाली. त्या ओरडीपेक्षां निर्बंध बरा होता.

डिस्क आणि कर्नल यांनीं परस्परांस न विचारतां आपापलें शहाणपण चालविलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण २००७ सालीं उबुंटु वापरणारांच्या लॅपटॉपांत दिसलें. वीज वाचावी म्हणून कांहीं डिस्का थोडा वेळ काम नसलें कीं हेड बाजूस नेऊन ठेवीत. कर्नलला मात्र दर थोड्या सेकंदांनीं कांहींतरी लिहावयाचें असे. हेड जाऊन बसतें न बसतें तों त्याला पुन्हां बोलावणें! अशा डिस्कचें आयुष्य बहुधा तीन लक्ष किंवा सहा लक्ष खेपांचें धरलेलें असतें. मिनिटाला दोन खेपा धरल्या तर तासाला १२०, आणि तीन लक्ष खेपा २५०० तासांत, म्हणजे अखंड चालविल्यास साडेतीन महिन्यांत, संपतात. बिघाड दोघांपैकीं एकाचाही नव्हता; दोघेही आपापल्या परीनें काटकसर व तत्परता दाखवीत होते. एचडीपार्मच्या 'बी' या खुणेनें डिस्कची काटकसर कमी करणें हा उपाय लोकांनीं एकमेकांस सांगून पसरविला.

परंतु मूळ प्रश्न पोंचपावतीचा. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एकाच जागीं पुन्हां पुन्हां लिहावयाचें, आणि प्रत्येक वेळीं खरोखर लिहिल्यावरच 'लिहिलें' म्हणावयाचें, तर सेकंदाला सुमारें १२० वेळांच म्हणतां येईल. बाजारांत असली संथ डिस्क कोण घेणार? म्हणून डिस्कच्या अंगावर थोडी तात्पुरती स्मृति बसविण्यांत आली, तिला कॅश म्हणतात. मजकूर कॅशमध्यें आला कीं डिस्क लगेच 'लिहिलें' म्हणते आणि सवडीनें, आपल्या सोयीच्या क्रमानें, तबकडीवर उतरविते. पत्र पेटींत पडतांच तें पोंचल्याची सही देण्यासारखेंच हें. वीज चालू आहे तोंवर कांहीं बिघडत नाहीं. वीज गेली कीं कॅशमधलें पुसलें जातें, आणि सही मात्र देऊन झालेली असते.

२००५ सालच्या जानेवारींत लाइव्हजर्नल या दैनंदिनी लिहिण्याच्या सेवेचीं यंत्रें जेथें होतीं, त्या केंद्राची वीज एकाएकीं गेली. वीज परत आल्यावर तेथील लोकांना आपले डेटाबेस तपासण्यांत व दुरुस्त करण्यांत पुष्कळ वेळ घालवावा लागला. डेटाबेस प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीनंतर एफसिंक नांवाची विनंती कर्नलला करतो: 'डिस्कवर पोंचल्याशिवाय उत्तर देऊं नकोस.' उत्तरें आलेलीं होतीं, तरीही. सेवेचे संस्थापक ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनीं मग त्याच सालीं डिस्कला पकडण्याचा एक छोटा प्रोग्राम लिहून सर्वांस दिला. दोन संगणक घ्यावयाचे. एक लिहिणारा, दुसरा साक्षीदार. पहिल्यानें प्रत्येक मजकुराची पोंच मिळतांच साक्षीदाराकडे नोंद करावयाची. मध्येंच पहिल्याची वीज तोडावयाची, तो पुन्हां चालू करावयाचा, आणि साक्षीदाराच्या वहीशीं डिस्क ताडून पाहावयाची. शाळेंत नक्कल पकडण्याची रीत यापेक्षां फारशी निराळी नसते. ज्यांनीं ही परीक्षा घेतली त्यांना कित्येक डिस्का व डिस्का चालविणारीं कार्डें नापास झालेलीं आढळलीं.

लिनक्समध्यें या दुखण्याला आणखी एक पदर होता. नोव्हेंबर २००१ पासून लिनक्सबरोबर येऊं लागलेली एक्स्ट-३ ही फाईल-व्यवस्था पेढीच्या रिवाजानें चाले: आधीं रोजकीर्दींत नोंद, ती पुरी झाल्याची खूण, आणि मग खतावणींत बदल. मध्येंच वीज गेली तर रोजकीर्द वाचून खतावणी सुधारतां येते. पण डिस्कनें आपल्या सोयीनें 'पुरी झाली' ही खूण आधीं उतरविली आणि नोंद मागून उतरवावयाची ठेवली, तर? मुनिमानें सही केलेलें पान कोरेंच! यावर 'बॅरिअर' नांवाचा अडसर होता. तो लावला कीं अलीकडचें सर्व तबकडीवर गेल्याशिवाय पलीकडचें पाठविलें जात नसे. मात्र त्यानें वेग घटे, म्हणून एक्स्ट-३ मध्यें तो मूळचा बंद ठेवलेला होता. २००८ सालच्या मे महिन्यांत कर्नलच्या कर्त्यांत यावर कडाक्याचा वाद झाला. क्रिस मेसन यांनीं मुद्दाम वीज तोडून दाखविलें कीं, अडसर नसतां ही व्यवस्था सहज बिघडवितां येते. उलट पक्षाचें म्हणणें असें कीं, इतकीं वर्षें लोक वापरीत आहेत आणि तक्रार क्वचितच ऐकूं येते, मग सर्वांचा वेग कां घालवावा? तक्रार ऐकूं येत नाहीं याचें कारण असेंही असूं शकेल कीं, हरवलेलें पान कोणत्या दिवशीं हरवलें हें मालकाला कळतच नाहीं. पुढच्या एक्स्ट-४ मध्यें अडसर मूळचाच चालू ठेवण्यांत आला. २०११ सालच्या जानेवारींत आलेल्या २.६.३७ आवृत्तींत बॅरिअरची जुनी यंत्रणा जाऊन तिच्या जागीं दोन स्पष्ट हुकूम आले: कॅश रिकामी कर, आणि अमुक मजकूर कॅशमध्यें न ठेवतां थेट तबकडीवर उतरीव. आतां डिस्कनें या हुकुमांचा मान राखला म्हणजे झालें.

२०१६ सालच्या ४.७ आवृत्तींत 'सिस' कोठारांत प्रत्येक डिस्कच्या रांगेखालीं 'राइट-कॅश' अशी एक फाईल आली. ती वाचली तर दोहोंपैकीं एक उत्तर येतें: कॅश ठेवून लिहिणारी डिस्क, किंवा सरळ लिहिणारी डिस्क. तींत लिहितांही येतें. एखाद्या सावध गृहस्थाला साहजिकच वाटेल कीं, येथें 'सरळ लिहिणारी' असें लिहावें, म्हणजे कॅशची कटकट मिटली. त्याचा परिणाम नेमका उलट होतो. या फाईलींत लिहिल्यानें डिस्क बदलत नाहीं. बदलते ती डिस्कविषयींची कर्नलची समजूत. डिस्क पूर्ववत् कॅशमध्येंच ठेवीत राहते, आणि तिला कॅश नाहीं असें समजून कर्नल 'रिकामी कर' हा हुकूम देणेंच बंद करतो. पोंचपावती तशीच येते, पण आतां तिची खातरजमा करणाराही कोणी उरत नाहीं. कर्नलच्या माहितीपत्रकांत हा इशारा स्पष्ट दिलेला आहे, परंतु फाईल उघडून आंत शब्द लिहिणाराला तो तेथें दिसत नाहीं.

डिस्क खरोखर बदलावयाची तर दुसरीं दारें आहेत. एचडीपार्मची 'डब्ल्यू' ही खूण शून्य घालून दिली, तर हुकूम डिस्कपर्यंत जातो आणि ती आपली कॅश बंद करते. 'सिस' कोठारांतच दुसऱ्या एका शाखेंत 'कॅश-टाइप' नांवाची फाईल आहे. तींत तेच शब्द लिहिले तर तेही डिस्कपर्यंत जातात, मात्र त्यांपूर्वीं 'तात्पुरता' या अर्थाचा शब्द जोडला तर ते कर्नलपाशींच थांबतात. शेजारच्या दोन आळ्यांत एकाच नांवाचीं दोन घरें असावीं आणि टपालवाल्यानें गोंधळून जावें, तशी ही स्थिति आहे. नांवें ठरविणारांनीं येथें थोडा विचार करावयास हवा होता.

मार्क लॉर्ड यांनीं ज्या आय.डी.ई. ड्रायव्हरवर परिश्रम केले, तो २०२१ सालच्या ऑगस्टमधील ५.१४ आवृत्तींत कर्नलमधून काढून टाकण्यांत आला. 'सेटिंग्ज' नांवाची ती ओळींची फाईलही त्याबरोबर गेली. २००३ सालापासून जेफ गार्झिक यांनीं वाढविलेली लिबाटा ही यंत्रणा त्याची जागा केव्हांच घेऊन बसली होती, आणि तिच्यांत डी.एम.ए. आपोआप ठरत असल्यामुळें 'डी' या खुणेचा विधि नव्या यंत्रांवर कामाचा राहिला नाहीं. 'डब्ल्यू' मात्र अजून चालते. पुष्कळ डिस्का वीज जातांच हा हुकूम विसरतात आणि उजाडतांच पुन्हां कॅश ठेवूं लागतात. म्हणून डेबियनसारख्या सिस्टिमांत एचडीपार्मसाठीं एक लहान फाईल असते. तींत डिस्कचें नांव आणि तिला सांगावयाच्या गोष्टी एकदां लिहून ठेवाव्या लागतात, आणि संगणक चालू होतांना त्या तिला पुन्हां पहिल्यापासून सांगितल्या जातात.